यांत्रिक हाताचे बळ

स्पर्धेसाठी यंत्रमानव बांधायला बसलेल्या मुलांपुढे पहिला खरा पेच उभा राहतो तो चाकांचा नव्हे, हाताचा. चाके कशीबशी फिरतात, यंत्र मैदानात इकडून तिकडे धावते, बघ्यांच्या टाळ्याही पडतात. पण वस्तू उचलण्यासाठी हात वर करावयाचा म्हणताच मोटर गुरगुरते, हात अर्ध्यावर थबकतो, थरथरतो आणि उचललेली वस्तू खाली टाकून देतो. अशा वेळी सर्वांच्या तोंडी एकच उपाय येतो : मोटर लहान पडली, मोठी आणा. मोठी मोटर येते. ती कोपराशी किंवा मनगटाशी बसवावयाची असली तर तिच्या वजनाने हातच जड होतो. तिला वीज अधिक लागते म्हणून बॅटरी मोठी घ्यावी लागते. बॅटरी वाढली म्हणून चाकांवरचा भार वाढतो. आणि एवढा खटाटोप होऊन हात पुन्हा अर्ध्यावरच थांबतो.

हा विषय अग्रलेखाच्या स्तंभात कसा, असा प्रश्न एखाद्या वाचकास पडेल. त्याचे उत्तर असे की, आता तो चार हौशी विद्यार्थ्यांपुरता उरलेला नाही. सहावी ते आठवीच्या वर्गांना कोडिंग व रोबोटिक्स शिकविण्याची योजना गोवा शासनाने २०२१ मध्ये हाती घेतली आणि पेडणे, डिचोलीच्या खेड्यांतील मुलांच्या हातीही तारा, मोटरी आणि छोटी दंतचक्रे आली. ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे. परंतु साहित्य हाती येणे वेगळे आणि ते निवडता येणे वेगळे. पेटीतून आलेले भाग चित्रात दाखविल्याप्रमाणे जोडणे ही विद्येची पहिली पायरी झाली. कोणत्या कामाला कोणती मोटर आणि तिच्यापुढे कोणता गिअरबॉक्स, हे कागदावर ठरविता येणे ही दुसरी. आमची मुले या दुसऱ्या पायरीवर चढणार की नाहीत, हा प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा आहे असे आम्ही मानतो.

अशा स्पर्धा आपल्याला परक्याही नाहीत. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघटनेची रोबोकॉन ही महाविद्यालयीन स्पर्धा २००२ साली टोकियोत सुरू झाली. भारतातील तिची राष्ट्रीय फेरी दूरदर्शनच्या पुढाकाराने होत आली आहे. २००८ साली आंतरराष्ट्रीय फेरीचे यजमानपद पुण्याकडे आले, तेव्हा स्पर्धेचा खेळ बेतला होता तो गोविंदाच्या दहीहंडीवर. उंच टांगलेल्या मडक्यांतले लोणी यंत्रांनी काढावयाचे होते. २०२२ साली पुन्हा भारताची पाळी आली, तेव्हा विषय होता लगोरी. देवळाच्या अंगणात लगोरी खेळलेल्या कोणाही गोमंतकीयास हे समजेल की, लगोरी फोडणे सोपे असते. ती एकावर एक रचणे हेच खरे काम. चेंडू जोराने फेकणारे यंत्र बांधता येते, पण चकती अलगद चकतीवर ठेवणारा हात बांधावयाचा म्हणजे त्यात बळही हवे आणि संयमही हवा. हे दोन्ही गुण एकट्या मोटरीच्या अंगी नसतात.

डिचोलीच्या वाचकाला हे पटविण्यासाठी फार लांब जावयास नको. खनिज मातीने भरलेला टिपर खाणीच्या खोल खड्ड्यातून चढ चढताना या तालुक्याने वर्षानुवर्षे पाहिला आहे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या आणि लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्यात उत्खननास पुनश्च आरंभ झाला. या साऱ्या उलाढालीत टिपर चालविण्याची विद्या मात्र कोणी विसरले नाही. चढ आला की चालक पहिला गिअर टाकतो. इंजिन तेच, डिझेल तेच. गाडी मात्र सावकाश, पण ठामपणे चढू लागते. चढ आला म्हणून इंजिन बदलावयास निघालेला चालक कोणी पाहिला आहे काय? वेग सोडून द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात बळ घ्यावे, हा गिअरबॉक्सचा सौदा आहे. मोटर मिनिटाला सहा हजार फेरे घेते, पण त्या फेऱ्यांत जोर अल्प असतो, बोटाच्या चिमटीने तिचा दांडा धरून ठेवता येतो. तीच मोटर दंतचक्रांच्या मालिकेतून मिनिटाला पंधरा फेऱ्यांवर आणली की तिच्या टोकाशी माणसाचा हात पिरगाळण्याइतके बळ येते. सौद्यात दलालीही जाते, कारण दात एकमेकांवर घासतात आणि थोडी शक्ती उष्णतेत विरते. पण गिअरवाचून मोटर म्हणजे उतावळा माणूस : धावतो पुष्कळ, उचलत काही नाही.

तेव्हा निवड कोठून सुरू करावी? दुकानातून तर नव्हेच. ती हातापासून सुरू करावी.

एक साधे उदाहरण घेऊ. साठ सेंटीमीटर लांबीचा हात आहे. त्याचे स्वतःचे वजन दीड किलो आणि ते सर्वत्र सारखे पसरलेले, म्हणजे त्याचा भार मध्यावर, तीस सेंटीमीटरवर पडतो असे धरता येते. टोकाला अर्ध्या किलोचा पंजा आहे आणि पंजाने दीड किलोची वस्तू उचलावयाची आहे. हात आडवा असताना खांद्यावर सर्वाधिक ताण येतो. टोकाचे दोन किलो गुणिले साठ, म्हणजे १२०. हाताचे दीड किलो गुणिले तीस, म्हणजे ४५. एकूण १६५ किलोग्रॅम-सेंटीमीटर. शास्त्रीय परिभाषेत यास परिबल म्हणतात, गॅरेजमधला मेकॅनिक टॉर्क म्हणतो. तराजूच्या दांडीचा आणि पहारीचा जो नियम शाळेत शिकवितात तोच हा. त्यात एका गुणाकाराखेरीज काही नाही. ज्या मुलाला पाढे येतात त्याला यांत्रिक हाताचे गणित येते, असे म्हणावयास हरकत नाही.

आता वेग. स्पर्धेत हात आडव्यापासून उभ्यापर्यंत एका सेकंदात जावा अशी अपेक्षा धरली, तर तो वेग मिनिटाला पंधरा फेऱ्यांइतका झाला. बळ आणि वेग ही दोन्ही ठरली की शक्ती आपोआप ठरते. या उदाहरणात ती सुमारे २५ वॉट येते. गिअरबॉक्समध्ये तीस टक्के वाया जातील असे धरले तर मोटरीकडून ३६ वॉट हवेत. ही संख्या पाहून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण घरातला पंखासुद्धा याहून अधिक वीज खातो. हाताला बलाढ्य मोटर लागत नाही. योग्य गिअर लागतो. मोकळी असता सहा हजार फेरे घेणारी मोटर भाराखाली पाच हजार घेईल असे धरले, तर तीनशे-साडेतीनशे पटींची घट हवी. तेवढी घट मिळाली की मोटरीच्या वाट्याला येणारे परिबल एक किलोग्रॅम-सेंटीमीटरहूनही कमी उरते.

येथे एक सापळा आहे आणि त्यात पुष्कळ जण अडकतात. मोटरीच्या वेष्टनावर परिबलाचा जो आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो तो बहुधा अडलेल्या मोटरीचा असतो. म्हणजे मोटरीचा दांडा घट्ट धरून ठेवला असता ती जो अखेरचा जोर लावते तो. त्या अवस्थेत ती फिरत नाही, केवळ तापते. आपल्या हाताला १६५ लागतात म्हणून १६५ छापलेली गिअर-मोटर आणणारा विद्यार्थी वस्तुतः असा हात बांधतो, जो आडव्या स्थितीत जेमतेम थांबेल, तेथेच गुंजारव करील आणि थोड्या वेळात जळक्या वार्निशाचा वास देईल. नित्याचे काम अडल्या बळाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात व्हावे, अशा बेताने मोटर घ्यावी. शाळांच्या पेटीत येणारी निळ्या रंगाची, नऊ ग्रॅमची सर्व्हो मोटर पाहावी. तिचे बळ सुमारे १.८ किलोग्रॅम-सेंटीमीटर असते. दहा सेंटीमीटरच्या हाताच्या टोकाशी ती कागदोपत्री १८० ग्रॅम पेलते. प्रत्यक्षात पन्नास ग्रॅमचा खोडरबर नि पेन्सिल उचलण्यापुरती ती आहे असे समजावे. तिच्याकडून नारळ उचलण्याची अपेक्षा करणाऱ्यांचा दोष त्या बिचाऱ्या मोटरीवर ढकलू नये.

मोटर निवडण्यापूर्वीच पुष्कळ काही वाचविता येते, हे सांगण्याची तर कोणास आठवणही राहत नाही. पंजाची तीनशे ग्रॅमची मोटर टोकावरून काढून खांद्याशी आणली आणि दोरीने पंजा ओढला, तर खांद्यावरचा ताण १८ किलोग्रॅम-सेंटीमीटरने उतरतो. हे घडवून आणायला मीटरभर दोरी पुरते. लोखंडी पट्टीऐवजी ॲल्युमिनियमची नळी वापरली तर आणखी उतरतो. नरकासुराचा सांगाडा बांबूंनी उभारणाऱ्या गावात हलक्या आणि ताठ हाताची वाण पडण्याचे कारणच नाही.

परंतु या बाबतीतला सर्वांत मोठा धडा आपल्या कुळागरांत आणि भाजीच्या मळ्यांत कित्येक पिढ्या उभा होता. विहिरीवरची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो आठवेल. आडव्या लांब दांड्याच्या एका टोकाला पाण्याची बादली, दुसऱ्या टोकाला दगड. दगड असा निवडलेला असे की, तो रिकाम्या बादलीहून जड आणि भरलेल्या बादलीहून हलका. म्हणजे रिकामी बादली खाली नेताना माणसाला थोडा जोर लावावा लागे आणि भरलेली वर आणतानाही थोडाच. पूर्ण भार कधीच त्याच्या अंगावर येत नसे. हा दगड कोणी निवडला, कोणत्या विद्यापीठात शिकून निवडला, याची नोंद कोठे नाही.

वरच्या उदाहरणाला ही लाट लावून पाहू. हात रिकामा असताना खांद्यावरचा ताण ७५ असतो (पंजाचे ३० आणि हाताचे ४५), भरलेला असताना १६५. या दोहोंचा मध्य १२०. तेवढा प्रतिभार मागील बाजूने दिला, तर मोटरीला भरल्या हाताने वर जाताना ४५ चे बळ लावावे लागेल आणि रिकाम्या हाताने खाली येताना तेवढेच. १६५ चे ४५ झाले! मोटरीचे काम तिपटीहून अधिक हलके झाले आणि दुकानदाराला एक पैसाही द्यावा लागला नाही. अर्थात, वीस सेंटीमीटरच्या शेपटीवर १२० चा प्रतिभार द्यावयाचा तर सहा किलोचा दगड लागेल आणि स्पर्धेतील यंत्राला तो परवडणार नाही. तेथे दगडाऐवजी स्प्रिंग किंवा ताणलेल्या रबरी नळ्या वापराव्यात. स्प्रिंगचा ओढा हाताच्या प्रत्येक कोनात अचूक जुळत नाही हे खरे, पण जुळवाजुळव करण्यात जो एक दिवस जातो त्या दिवशी मुलगा जे शिकतो ते कोणत्याही मार्गदर्शक पुस्तिकेत नसते.

आता शिगम्याकडे वळू. कारण पेडण्यात आणि डिचोलीत मोटर व गिअर यांची खरी शाळा भरते ती शिगमोत्सवाच्या चित्ररथांच्या आधीच्या पंधरवड्यात. गरुडाचे पंख हलतात, मारुती द्रोणागिरी वर धरतो, देवीचा त्रिशूळ महिषासुरावर येतो आणि मागे जातो. चतुर्थीच्या हलत्या देखाव्यांत आणि दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या नरकासुरांतही हाच प्रकार. हीसुद्धा स्पर्धाच असते, बक्षिसे असतात, परीक्षक असतात, आणि यंत्राचा हातही असतो. तो हलविणारे अनेकदा गॅरेजमधले, वेल्डिंगच्या दुकानातले, वायरिंगची कामे करणारे तरुण असतात. त्यांच्या हाती पुष्कळदा जुन्या गाडीची वायपर मोटर असते. काच पुसणारी ही बारा व्होल्टची मोटर म्हणजे मोटर आणि गिअरबॉक्स एकत्र बांधलेली तयार जोडी होय. तिच्यात वर्म गिअर असतो. मळसूत्रासारखा आटा पाडलेला दांडा एका मोठ्या दंतचक्राला हळूहळू फिरवितो. या रचनेचा एक गुण असा की, दांडा चक्राला फिरवू शकतो, पण चक्र सहसा दांड्याला फिरवू शकत नाही. वीज बंद झाली तरी मारुतीचा डोंगर खाली येत नाही.

दुसरी चतुराई याहून मोठी आहे. चित्ररथाचा कारागीर मोटरीला उलटसुलट फिरवीतच नाही. ती एकाच दिशेने अखंड फिरते. तिच्या तोंडाशी एक आखूड कुवा आणि त्याला एक लांब दांडी जोडलेली असते आणि त्या दांडीने हात वरखाली होतो. वायपर काचेवर जातो-येतो तो याच युक्तीने. हात अगदी वर आणि अगदी खाली पोचतो तेव्हा कुवा आणि दांडी एका रेषेत येतात, गती क्षणभर आपोआप मंदावते आणि तेथे झटका बसत नाही. संगणकावर आज्ञावली लिहून जे साधावयाचे ते येथे लोखंडाच्या दोन पट्ट्यांनी साधलेले असते. शिवाय हा कारागीर हाताचे सारे वजन मोटरीच्या दांड्यावर कधी टाकत नाही. हात दोन्ही बाजूंच्या बेअरिंगांवर स्वतंत्र टेकलेला असतो. मोटरीकडे फक्त ओढण्याचे काम. शाळेच्या स्पर्धांत मात्र हात थेट मोटरीच्या सहा मिलिमीटरच्या दांड्यावर स्क्रूने आवळलेला आम्ही वारंवार पाहतो. पहिल्या धक्क्याला स्क्रू घसरतो, दुसऱ्याला दांडा वाकतो.

तथापि, चित्ररथातले सर्व काही स्पर्धेच्या यंत्रमानवाला जसेच्या तसे लागू पडेल असे समजणे भोळेपणाचे होईल. चित्ररथाचा हात मिरवणूक संपेपर्यंत तासन् तास, एकाच चालीने हलतो. रोबोकॉनसारख्या स्पर्धेचा सामना जेमतेम तीन मिनिटांचा असतो. पण त्या तीन मिनिटांत हाताला एकदम सुटावे लागते, एकदम थांबावे लागते, मधल्याच एखाद्या कोनात स्थिर राहावे लागते आणि दुसऱ्या यंत्राचा धक्काही सोसावा लागतो. वायपर मोटरीतले मोठे चक्र पुष्कळदा नायलॉनचे असते. संथ ओढीला ते वर्षानुवर्षे टिकते, पण अवचित धक्क्याला त्याचे दात उडतात, कारण मागे फिरून धक्का जिरविण्याची सोय वर्म गिअरला नसते. शक्तीचा अपव्ययही त्यात अधिक. निम्म्याहून अधिक शक्ती घर्षणात जाणे नवलाचे नाही. म्हणून जलद हाताला ग्रहमालेसारखी रचना असलेला प्लॅनेटरी गिअरबॉक्स बरा. मध्ये सूर्यचक्र, भोवती तीन-चार ग्रहचक्रे. भार एका दातावर न पडता वाटला जातो. तो वीज बंद होताच हाताला खाली सोडतो, हा मात्र त्याचा अवगुण. पण प्रतिभार नीट दिलेला असला तर तो फारसा जाणवत नाही. संथ, ठाम आणि धरून ठेवणारा हात हवा तर वर्म. चपळ आणि धक्के सोसणारा हवा तर प्लॅनेटरी, असा आमचा कौल आहे. सर्वोत्कृष्ट असा गिअरबॉक्स जगात नाही, आणि तो आपल्याकडे आहे असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

गिअरबॉक्सच्या ढिलेपणाविषयीही दोन शब्द लिहावयास हवेत. दातांमध्ये थोडी फट असतेच, नाहीतर ते फिरणारच नाहीत. ती फट एक अंशाची असली तर साठ सेंटीमीटरच्या टोकाशी हात एक सेंटीमीटर डुलतो. लगोरीची चकती रचताना एक सेंटीमीटर म्हणजे हार. यावरचा उपाय असा की, सगळी घट गिअरबॉक्समध्येच करू नये. शेवटची पाचपट घट हाताच्या सांध्यावरच्या मोठ्या चक्राने किंवा साखळीने करावी आणि ते चक्र हातालाच बोल्टांनी जखडावे. मग मागची फट पाचपटीने लहान होऊन टोकाशी दोन मिलिमीटर उरते. आणि गिअरबॉक्सवरचा ताणही तेवढ्याच पटीने उतरत असल्यामुळे तो स्वस्तातला घेता येतो. सायकलीच्या दुकानातली साखळी नि चक्रे या कामाला चालतात, आणि सायकलीचे दुकान कोठे नाही?

फ्यूजचे काय? यंत्र तीनदा बंद पडले की कोणीतरी शहाणा फ्यूज काढून तेथे तांब्याची तार पिळतो. स्पर्धेपुरते यंत्र चालते. मग मोटर जाते, कधी बॅटरीही जाते, आणि लिथियमची बॅटरी जाते तेव्हा ती शांतपणे जात नाही. शिक्षकांनी या एका गोष्टीपुरते निर्दय व्हावे.

एवढे लिहिल्यावर मूळ प्रश्नाकडे यावयास हवे. पणजी-मडगावच्या एखाद्या सधन शाळेला परदेशी मोटर मागविणे शक्य आहे. अमेरिकेतील शालेय यंत्रमानव स्पर्धांत दीर्घकाळ वापरात असलेली सीआयएम नावाची मोटर अडली असता बारा व्होल्टवर १३३ अँपिअर प्रवाह ओढते; तेथल्या मुलांना असली साधने सहज मिळतात. पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या आडगावातील शाळेला ती मिळणार नाहीत, आणि मिळाली तरी जळलेली मोटर बदलण्याचे पैसे त्या शाळेपाशी नसतील. म्हणून या मुलांना गणित अधिक आले पाहिजे. श्रीमंत शाळेला चूक परवडते. तिसरी मोटर जळली तर चौथी मागविता येते. गरीब शाळेला पहिल्याच खेपेस बरोबर मोटर घ्यावी लागते. हे अन्याय्य आहे, परंतु यातच एक संधीही दडलेली आहे, कारण कागदावर हात बांधावयास जो शिकला त्याला पुढे कोणत्याही कारखान्यात कमी लेखले जात नाही.

हे अशक्य आहे काय? फोंडा तालुक्यातील एका मजूर पित्याने आपल्या दिव्यांग मुलीला जेवू घालणारे यंत्र सुमारे चार महिन्यांत स्वतः शिकून बांधले, ही २०२२ सालची गोष्ट देशभर गाजली. मुलगी तोंडाने सांगते आणि यंत्र त्याप्रमाणे घास पुढे करते. राज्य नवोन्मेष परिषदेने पुढे त्याला साहाय्यही केले. या गृहस्थापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. गरज होती आणि चिकाटी होती. अशा माणसांच्या राज्यात सातवीच्या मुलाला पहारीचा नियम मोटरीला लावता येणार नाही, हे आम्हांस मान्य नाही.

तेव्हा शासनाने आणि शाळांनी काय करावे? पहिली गोष्ट पैशाची. पेट्या विकत घेण्यासाठी जेवढी तरतूद होते तिच्यातला काही हिस्सा सुट्या भागांसाठी राखून ठेवावा : वेगवेगळ्या घटीचे गिअरबॉक्स, जादा दंतचक्रे, बेअरिंगे, एक स्प्रिंगकाटा, एक मल्टिमीटर. आणि दर वर्षी काही मोटरी जळणार, हे हिशेबातच धरावे. जळलेल्या मोटरीचा खुलासा मुख्याध्यापकाला वरिष्ठांपुढे द्यावा लागणार असेल तर तो सारे साहित्य कपाटात कुलूपबंद ठेवील, आणि तो तसे करील तर त्याला दोष देता येणार नाही. कपाटातली मोटर जळत नाही हे खरे. पण ती कोणाला काही शिकवीतही नाही.

दुसरी गोष्ट कर्मशाळांची. पेडण्यात आणि डिचोलीत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तुये आणि डिचोली येथे औद्योगिक वसाहती आहेत. आठवड्यातून एक दुपार आयटीआयची कर्मशाळा, एका निदेशकाच्या देखरेखीखाली, तालुक्यातील शाळांच्या रोबोट-गटांना खुली करणे हे फार मोठे प्रशासकीय धाडस नव्हे. सांध्याचा दांडा नीट कातून घेतला आणि बेअरिंग नीट बसविले तर शाळेच्या यंत्रांचे निम्मे रोग तेथेच बरे होतात. आणि त्याच दुपारी चित्ररथाच्या एखाद्या कारागिराला बोलवावे, त्याला रीतसर मानधन द्यावे. ‘हा काय शिकविणार?’ असा प्रश्न करणाऱ्या शिक्षकांनी आधी त्याच्या रथातला मारुती खालून वाकून पाहावा.

तिसरी गोष्ट परीक्षकांची, आणि ती आम्हांस सर्वाधिक महत्त्वाची वाटते. आज बक्षीस मिळते ते यंत्राच्या धावण्याला. उद्या प्रत्येक गटाने यंत्राबरोबर एक कागद द्यावा असा नियम करावा. हाताची लांबी, त्याचे वजन, टोकाचा भार, खांद्यावरचे परिबल, हवा असलेला वेग, निवडलेली घट आणि निवडीचे कारण, एवढेच त्या कागदावर असावे. मग परीक्षकाने खिशातून अर्ध्या किलोचे वजन काढून यंत्राच्या पंजात ठेवावे आणि विचारावे, हे उचलेल काय? मुलाने आधी कागदाकडे पाहून उत्तर द्यावे आणि त्यानंतर कळ दाबावी. उत्तर ‘नाही’ असे आले आणि हात खरोखरच अर्ध्यावर थांबला, तरी त्या गटाला पूर्ण गुण मिळावेत.